सारजाचा हातगुण

खूप जुन्या काळची गोष्ट, लहानांनो आणि मोठ्यांनो. एका गावात दरवर्षी देवीचा रथ निघे. सारा गाव दोराला हात लावी आणि रथ दणदणत वेशीपर्यंत ओढून नेई. ओढणाऱ्यांत सारजा सगळ्यांच्या पुढे असे.

एका वर्षी सारजाने दोर धरला आणि तो काडकन तुटला. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, दुसरं काय! पण गावाने ठरवूनच टाकलं, "हिचा हातगुण वाईट!"

तेव्हापासून तिला पापड लाटायलाही कुणी बोलावेना. सगळ्यात वाईट म्हणजे, सारजालाही ते खरं वाटू लागलं. शेजारचं बाळ उचलायला हात पुढे जाई आणि तीच तो मागे घेई. आपला हात नको म्हणून तिने अंगणातल्या कारल्याच्या वेलाला पाणी घालणंही सोडलं. वेल सुकला. तेव्हा म्हणते कशी, "बघा, माझाच हात!"

पुढच्या वर्षी ढोल घुमू लागले तेव्हा ती दार लावून घरात बसली. बाहेर आरोळ्या उठल्या, "ओढा! अजून जोरात!" तिचे पाय जागेवर ठरेनात. आणि इतक्यात, काडकन!

दोर पुन्हा तुटला होता!

सारजा आपल्या हातांकडे बघतच राहिली. हे हात तर घरात होते! तिला हसू फुटलं, रडूही फुटलं. दार ढकलून ती धावतच सुटली.

रथापाशी एकच गलका चालला होता. "हिचाच हातगुण!" म्हणत सगळे पहिल्यांदाच दोर धरलेल्या एका नव्या सुनेकडे बोट दाखवत होते. पोरगी आपले हात पदराखाली लपवत होती.

"थांबा!" सारजा गरजली. "गेल्या साली माझ्यामुळं तुटला म्हणता, मग आज कुणामुळं? मी तर घरी होते! हात कसले बघताय, दोर बघा की!"

म्हाताऱ्या पुजाऱ्याने दोर चिमटीत पिळला. त्याचा भुगा झाला. "गेल्या साली गाठ मारून हाच कुजका दोर ठेवला आपण," तो पुटपुटला. "सारजे, चुकलो गं आम्ही."

"ते आधी या पोरीला सांगा!"

मग काय विचारता! घराघरांतून विहिरीच्या मोटेचे जाडजूड नाडे आले, पीळ घालून नवा दोर झाला. सारजाने सुनेचा हात धरून तिला सगळ्यांच्या पुढे नेलं, आणि रथ गडगडत निघाला.

तात्पर्य: लोकांनी झिडकारलं, तरी आपण स्वतःला झिडकारू नये.