तिसरा कौल

फार फार वर्षं झाली. इतकी, की ज्या गावात हे घडलं त्याचं नावही आता कुणाला सांगता येत नाही. बाळांनो, तुम्ही ऐकाच, पण आईबापांनाही शेजारी बसवून घ्या. कारण या गोष्टीतली चूक लहान मुलांच्या हातून व्हायची नाही. ती करायला चांगली पोक्त, देवभोळी माणसं लागतात.

गाव डोंगराच्या पायथ्याशी होतं आणि अर्ध्या चढावर देवीचं देऊळ होतं. देऊळ सांभाळायचा गुरव. देवीला पाणी घालायचं, फुलं वाहायची, दिवा लावायचा आणि गावाला कौल लावून द्यायचा, हे त्याचं काम. कौल लावायचा म्हणजे देवीच्या पाषाणाच्या दोन्ही खांद्यांवर एकेक ओली कळी चिकटवायची, आपलं गाऱ्हाणं मोठ्याने सांगायचं आणि हात जोडून वाट पाहायची. उजवी कळी आधी पडली तर देवीचा होकार, डावी पडली तर नकार. मुलगी कुठे द्यावी, बैल विकावा की ठेवावा, विहीर कुठे खणावी, सगळं गाव तिला विचारून करी.

या कौलाचा एकच नियम होता. एका प्रश्नाला एक कौल. मनासारखं उत्तर आलं नाही म्हणून कुणी पुन्हा कळ्या लावायला सांगितल्या, की गुरव भडकायचा. म्हणायचा, "देवी काय बाजारात बसलीय, तिच्याशी घासाघीस करायला?"

गुरवाने लग्न केलं नव्हतं. देवळाच्या पायऱ्यांलगतच्या घरात तो आणि धाकटा भाऊ, दोघंच. आई गेली तेव्हा धाकटा चार वर्षांचा होता. गुरव त्याला खांद्यावर घेऊनच देवळाच्या पायऱ्या चढायचा. दूधभात कालवून स्वतःच्या हाताने भरवायचा. धाकटा मोठा झाला आणि देवीचे हार गुंफू लागला. त्याच्या हारात एक फूल मागेपुढे नसायचं. बोलायचा कमी, पण हसायचा पुष्कळ.

एका वर्षी ते हसणं गेलं. हातात सुई धरून तो तासन् तास नुसता बसू लागला. हार अर्धेच राहू लागले. झोप उडाली, डोळे खोल गेले. एके दिवशी तो गुरवाला म्हणाला, "दादा, आई माझ्याशी बोलते."

"कुठली आई?"

"देवळातली."

गुरवाच्या अंगावर काटा आला. आणि खरं सांगायचं तर पोटात थोडं दुखलंही. तीस वर्षं त्याने त्या पाषाणाची सेवा केली होती आणि पाषाण त्याच्याशी एका शब्दानेही बोलला नव्हता. पण ते दुखणं त्याने गिळलं. माझ्याशी नाही तर नाही, माझ्या घरात तरी बोलली, असं म्हणून त्याने आपल्या हाताने वाढवलेल्या भावाच्या पायांवर डोकं ठेवलं. धाकटा दचकून मागे सरला.

गावात अशी बातमी पोचायला कितीसा वेळ लागतो! माणसं नारळ घेऊन येऊ लागली. धाकटा घराच्या कोपऱ्यात अंग चोरून बसे आणि दोन्ही हातांनी कान गच्च दाबून धरी. लोक एकमेकांना म्हणत, "बघा, कसं मन लावून ऐकतोय."

आता कान दाबून धरणारा माणूस ऐकतोय की त्याला ऐकायचं नाहीये, हे शेंबड्या पोरालाही कळावं. त्या गावात मात्र कुणाला कळलं नाही. कळून घेण्यापेक्षा नमस्कार करणं सोपं होतं.

आवाज दिवसेंदिवस कडक होत गेला. तो धाकट्याला शिव्या देई, तू घाणेरडा आहेस म्हणे. शेवटी त्याने हुकूम सोडला, तेरा दिवस अन्नाला शिवायचं नाही, मग मी गावासमोर उभी राहीन. धाकट्याने ताट सरकवलं. गुरवाने ही गोष्ट गावात सांगितली आणि देवळाला तोरणं लागली.

चौथ्या दिवशी गावचा म्हातारा वैद्य काठी टेकत चढ चढून आला. त्याने धाकट्याची नाडी पाहिली, जीभ पाहिली, आणि गुरवाला बाहेर बोलावलं.

"गुरवा, हा पोरगा आजारी आहे. ताप अंगात चढतो तसा याच्या मनात चढलाय. माझ्याकडे असली माणसं आधीही आली आहेत. याला झोप हवी, औषध हवं, जवळ कुणीतरी आपलं बसायला हवं. आणि आधी पोटात अन्न हवं."

"देवीच्या वाणीवर तुम्ही काढा देणार?" गुरव म्हणाला.

"तुझी देवी आहे का ती? तीस वर्षं तू तिच्या दारात प्रसाद वाटतोस. तिने आजवर कुणाला उपाशी परत पाठवलंय? आणि ती शिव्या कधीपासून द्यायला लागली?"

गुरवाने देवळाकडे तोंड फिरवलं. वैद्य म्हणाला, "माझं ऐकू नकोस. तिलाच विचार. कौल लाव." आणि तो पायऱ्या उतरू लागला.

देवळात कुणी नव्हतं. गुरवाने दोन कळ्या भिजवून देवीच्या खांद्यांवर चिकटवल्या. म्हणाला, "आई, उपास तुझ्या मनातला असेल तर उजवी दे, नसेल तर डावी दे." हात जोडायच्या आतच डावी कळी खाली पडली.

गुरव बघत राहिला. मग मनाशी म्हणाला, पाणी जास्त झालं असेल. त्याने नव्या कळ्या घेतल्या आणि पुन्हा लावल्या. पुन्हा डावीच पडली.

त्याच्या डोळ्यांसमोर गाव आलं, तोरणं आली, पाया पडणारी माणसं आली. उद्या सगळ्यांना काय सांगायचं? माझ्या घरात देवी नाही, दुखणं आहे, असं? त्याने तिसऱ्यांदा कळ्या उचलल्या. डावी कळी त्याने अंगठ्याने जरा दाबून बसवली. फार नाही, जरा. या वेळी उजवी पडली. गुरवाने साष्टांग नमस्कार घातला आणि बाहेर येऊन गावाला सांगितलं, "उजवा कौल मिळाला."

सातव्या दिवशी धाकट्याने गुरवाचा हात धरला. हाताला हाडंच लागत होती.

"दादा, मला भीती वाटते. ती आईसारखी बोलत नाही रे."

"असं म्हणू नये. ती परीक्षा बघते."

"तू जेव म्हणालास तर मी जेवेन. पण मोठ्याने म्हण. तिच्यापेक्षा मोठ्याने म्हण, म्हणजे मला तुझं ऐकू येईल."

गुरवाच्या ओठांपर्यंत शब्द आला होता. एकच शब्द, दोन अक्षरांचा. त्याच वेळी दारात नारळ घेऊन आलेल्या बायका वाकून नमस्कार करत होत्या. गुरव पुटपुटला, "तिच्या शब्दापुढे मी कोण?" आणि त्याने हात सोडवून घेतला.

अकराव्या दिवशी सकाळी तो पाण्याचं भांडं घेऊन गेला. दोन हाका मारल्या. तिसरी हाक त्याने इतक्या मोठ्याने मारली की खालच्या रानातली पाखरं उडाली. धाकट्याला आता कुणाचाच आवाज ऐकू येत नव्हता.

गाव रडलं, पण ते कौतुकाचं रडणं होतं. देवीने त्याला जवळ बोलावून घेतलं, असं जो तो म्हणू लागला. जिथे तो गेला तिथे पादुका बसवायचं ठरलं. तेव्हा गुरव सगळ्यांसमोर उभा राहिला.

"कौल डावा होता," तो म्हणाला. "एकदा नाही, दोनदा. आईने मला दोनदा सांगितलं, पोराला जेवू घाल म्हणून. तिसरा कौल मी अंगठ्याने पाडला. तिचा आवाज मी ऐकला नाही, माझाच ऐकला. तो बिचारा आजारी होता, तो आवाज कुणाचा हे त्याला ओळखता आलं नाही. मी तर धडधाकट होतो."

मग गावातला एक वडीलधारा माणूस पुढे आला आणि त्याने गुरवाच्या पाठीवरून हात फिरवला. "दुःखाने बोलतोय," तो लोकांना म्हणाला. "भावावर फार जीव होता याचा." सगळ्यांनी माना हलवल्या आणि पादुकांसाठी दगड आणायला माणसं पाठवली.

त्यानंतर गुरवाने कधी कौल लावला नाही. देऊळ दुसऱ्याच्या हाती देऊन तो त्या पादुकांपाशी येऊन बसू लागला. लोक लांबून लांबून येत, नारळ फोडत, नवस बोलत. प्रत्येकाला तो हात जोडून सांगे, "हा देव नव्हता हो. माझा भाऊ होता. आजारी होता, आणि मी त्याला जेव म्हणालो नाही."

लोक ऐकून घेत, त्याच्याही पाया पडत आणि पुढे जात.

लहानथोरांनी मनात धरून ठेवायचं ते हे: जो आवाज माणसाचा जीव मागतो तो देवाचा नसतो, आणि तो ज्याला छळतो त्याला आपल्या नमस्काराची नाही, औषधाची आणि मायेची गरज असते.