फोटोतल्या बावीसजणी

गुहागरच्या महिला बचत गटाला फलकासाठी फोटो हवा होता: पुढे कोकम सरबताची बाटली, मागे ते करणाऱ्या बावीसजणी. अध्यक्ष सुलभाताई खडप्यांनी आपला खिशात मावणारा साधा कॅमेरा काढला, तसे शहरातून आलेले छायाचित्रकार तेरसे हसले.

"बाई, ते खेळणं ठेवा. हा माझा महागडा मिररलेस कॅमेरा बघा!"

दोघांनीही फोटो काढले. तेरशांच्या फोटोत बाटली झळकत होती, पण मागच्या बायका पार धूसर झाल्या होत्या. बायकांचे चेहरे पडले.

"मागचं सगळं पुसून टाकतो, हीच याची श्रीमंती!" तेरसे म्हणाले.

सुलभाताईंच्या फोटोत बाटलीइतकीच प्रत्येकजण स्पष्ट दिसत होती.

"खरंय साहेब," त्या म्हणाल्या, "श्रीमंतीला राबणारी माणसं दिसत नाहीत. आमच्या गरीब कॅमेऱ्याला दिसतात."

बावीसजणींनी टाळ्या पिटल्या आणि फलकावर सुलभाताईंचाच फोटो लागला.