करकर चपलांचं राज्य

फार जुनी गोष्ट आहे. समुद्रापासून लांब, कोरड्या डोंगरांच्या मधोमध एक लहानसं राज्य होतं. तिथे जोंधळा पिकत होता, गुरं होती, कातडं कमवायला बाभळी होत्या. नव्हतं ते फक्त मीठ. वर्षातून एकदा व्यापाऱ्यांचे तांडे बैलांच्या पाठीवर खडेमीठ लादून येत. ते राजाच्या दगडी कोठारात ओतलं जाई आणि तिथून घरोघर वाटलं जाई. कोठारात चोरी झाली, तर राज्यातल्या प्रत्येक चुलीवरची आमटी अळणी होणार, हे लहान पोरांनासुद्धा माहीत होतं.

कोठारावर एक पहारेकरी होता. माणूस इमानी, पण भारी संशयी. शेजारी हसला तर का हसला, आणि नाही हसला तर काय लपवतोय, हे त्याच्या डोक्यात दिवसभर चाले. घरी भाजी जरा खारट झाली, की तो बायकोला विचारी, "हे जास्तीचं मीठ आलं कुठून?" शेवटी बिचारीनं भाजी अळणीच करायला घेतली.

कोठाराला दारं दोन. पुढच्या दारावर हा बसे. मागचं दार दिवाणजींच्या कचेरीत उघडत असे आणि त्याची किल्ली दिवाणजींच्या कमरेला असे. किल्ली दिवाणजींकडे आहे म्हटल्यावर त्या दाराला कुणी दार समजतच नव्हतं. त्यावर पहारा नव्हता, त्याची चौकशी नव्हती, त्याचा उल्लेखही नव्हता.

एका वर्षी तांडा यायला बराच अवकाश असताना कोठारातलं मीठ भिंतीवरच्या खुणेच्या खाली उतरलं.

पहारेकऱ्याच्या डोक्यात पहिलं नाव आलं ते लोणचीवालीचं. जिचा धंदाच मिठाचा, ती नाही तर कोण? तो शिपाई घेऊन तिच्या घरात शिरला. बरण्या उपड्या केल्या, दोन-चार फुटल्या, फडताळं उचकली, कैरीच्या फोडी अंगणभर झाल्या. मीठ निघालं ते तिच्या वाटणीचं, तेवढंच.

"झालं समाधान?" लोणचीवाली कमरेवर हात ठेवून म्हणाली. "आता जमिनीवरची लोणची चाटून बघ. त्यातही राजाचं मीठ सापडेल एखादवेळी."

"मावशी, माझं कामच आहे संशय घेण्याचं."

"घे की. पण तुझा संशय नेहमी बुटक्या दाराच्या घरातच कसा रे शिरतो? उंच दारातून आत जाताना त्याच्या डोक्याला काही लागतं का?"

पहारेकऱ्यानं तिच्याकडे संशयानं पाहिलं आणि तो निघून गेला.

मीठ उतरतच राहिलं. तेव्हा दिवाणजींनी दरबारात एक युक्ती मांडली.

त्या राज्यात चपला शिवणारा एक कारागीर होता. चपलेच्या तळाला कातड्याचे दोन थर असतात, वरचा पायाला लागणारा आणि खालचा जमिनीला. लग्नाकार्याचा जोड असेल, तर या दोन थरांच्या मध्ये तो एक लहानसा तुकडा बसवून वरून वादीनं शिवून टाकी. त्या तुकड्याला म्हणतात विंचू. विंचू घातलेली चप्पल पावलागणिक करकरते. नवरदेव येतोय हे तो दिसण्याआधी ऐकू येतं.

"यापुढे प्रत्येकाच्या चपलेत विंचू असेल," दिवाणजी म्हणाले. "कोठाराची फरशी दगडी आहे. आत कुणी पाऊल टाकलं, की दारावरच्या माणसाला ऐकू जाईल. जो प्रामाणिक आहे त्याला आवाजाची भीती कशाला?"

दवंडी पिटली गेली. चावडीपुढे गर्दी जमली, आणि गर्दीतून लोणचीवालीनं विचारलं, "आणि चोर चपला काढून आत गेला तर?"

दिवाणजी हसले. "अनवाणी? खडेमिठावर? इथे प्रत्येकाच्या टाचांना बोट जाईल एवढ्या भेगा आहेत. मीठ झोंबलं की चोर स्वतःच बोंब मारेल."

लोक खो खो हसले. युक्ती सगळ्यांना फार आवडली. अशा युक्त्या आवडतातच. प्रत्येकाला वाटतं, यात पकडला जाणार तो शेजारी. जो जास्त जोरात टाळ्या वाजवील तो जास्त प्रामाणिक, असं ठरून गेलं होतं, म्हणून टाळ्याही खूप वेळ चालल्या.

मग सगळं राज्य करकरायला लागलं. भाकरी थापता थापता बाई उठली की करकर. भजनाला माणसं आली की अभंग राहिला बाजूला, आधी करकर. पहारेकरी मात्र खुशीत होता. आता त्याला कुणाकडे बघावंच लागत नव्हतं. तो कोठाराकडे पाठ करून बसे, डोळे मिटे आणि कान लावी. आवाज नाही म्हणजे आत माणूस नाही. इतका सोपा पहारा त्यानं जन्मात केला नव्हता.

आणि मीठ उतरतच राहिलं.

राजानं पहारेकऱ्याला बोलावून घेतलं. "येत्या अवसेपर्यंत चोर हजर कर. नाहीतर तू आणि तुझं बिऱ्हाड राज्याच्या वेशीबाहेर."

पहारेकऱ्याच्या तोंडचं पाणी पळालं. त्याची दोन लहान लेकरं होती, आणि वेशीबाहेर पुढचं गाव दिसेपर्यंत नुसता माळ होता. त्याला घाम पुसताना पाहून दिवाणजींनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"अरे, साधा हिशेब आहे. चपलेत आवाज घालता कुणाला येतो? मग काढता कुणाला येणार?"

पहारेकऱ्याला हे इतकं पटलं, की आपल्याला आधी कसं सुचलं नाही याचंच त्याला वाईट वाटलं. दुपारी त्यानं कारागिराला दुकानातून उठवलं, रापी आणि आरीसकट चावडीच्या कोठडीत नेऊन बसवलं. लगेच दवंडी फिरली: "ऐका हो ऐका! मीठचोर सापडला! चपला शिवणारा चोर निघाला! उद्या सकाळी त्याला वेशीबाहेर काढणार!" एकेका गल्लीत दोनदा. ढोलकं फुटेल इतक्या जोरात.

संध्याकाळच्या आत कबुली घ्यायची म्हणून पहारेकरी कोठडीत गेला.

"बिनआवाजाची चप्पल तू शिवलीस. बोल!"

"शिवली," कारागीर म्हणाला.

पहारेकरी चमकला. त्याला नकाराची सवय होती. "म्हणजे कबूल?"

"जोड शिवला ते कबूल, जमादार. चोरी नाही. सबंध राज्यात एकच जोड विंचू न घालता शिवला. मला तसा हुकूम झाला."

"कुणाचा?"

कारागिरानं दाराबाहेर कुणी नाही ना, ते पाहून घेतलं. "नाव सांगतो. पण आधी नीट विचार करा. मी बोललो की ते तुम्ही ऐकलेलं असेल. मग ऐकलंच नाही, असं करता यायचं नाही."

"थांब," पहारेकरी घाईनं म्हणाला. "आत्ता नको सांगूस." आणि तो बाहेर आला.

कोठारासमोर येऊन तो आपल्या जागी बसला, तोच समोरून दिवाणजी आले. तो उठला आणि त्यानं मान खाली घातली. मोठ्या माणसाच्या चेहऱ्याकडे बघायचं नाही, अशी त्या राज्याची रीत. त्यामुळे दरबारातली सगळी बडी मंडळी तो पायांवरून ओळखी. सेनापतींच्या चपलेचा अंगठा झिजलेला, पुरोहितांचा पट्टा सैल, दिवाणजींच्या चपला लालसर, जाड तळाच्या. त्या आत्ता त्याच्या नाकासमोरून गेल्या.

गेल्या, आणि काही ऐकू आलं नाही.

तळाच्या कडेला, जिथे वादीची शिवण होती, तिथे एक पांढरी रेघ होती. ही रेघ त्यानं कितीतरी दिवस पाहिली होती. कचेरीला चुना चाललाय, तोच लागला असेल, असं त्यानं समजून घेतलं होतं. लोणचीवालीच्या ओट्यावर पांढरं बोट उमटलेलं दिसलं असतं, तर त्यानं असं समजून घेतलं असतं का?

तो पुन्हा आपल्या जागी बसला. लोकांच्या बरण्यांवर धावून जाणारा त्याचा संशय आता उंच दाराशीच थबकला. गप्प राहिलो तर काय होईल? काही नाही. उद्या कारागीर वेशीबाहेर जाईल, आपली लेकरं आपल्या छपराखाली राहतील. दिवाणजी कदाचित खूशही होतील. आणि बोललो तर? दिवाणजींच्या शब्दापुढे पहारेकऱ्याचा शब्द तो किती! शिवाय अजून त्यानं नाव ऐकलेलं नव्हतं. न ऐकलेल्या नावाचं ओझं कुणाला?

त्यानं मागे वळून कोठाराकडे पाहिलं; त्याला दारं दोन होती. मग उठला, पुन्हा कोठडीत गेला आणि म्हणाला, "सांग नाव."

कारागिरानं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाड्यासमोरच्या फरसबंदी चौकात मावतील तेवढी माणसं लोटली. राजा ओट्यावर बसला होता. दिवाणजी शिक्षा वाचायला उभे राहिले, तोच पहारेकरी पुढे आला. त्याचे पाय लटपटत होते, हे त्याच्या चपलांमुळे सगळ्यांना ऐकूही आलं.

"महाराज, एक विनंती आहे. शिक्षेआधी इथल्या प्रत्येकानं या फरशीवरून एकदा चालून दाखवावं."

"हा काय पोरखेळ?" दिवाणजी म्हणाले.

"कायदा माझा आहे. चालू दे सगळ्यांना," राजा म्हणाला. त्याला यात गंमत वाटली.

माणसं चालली. करकर, करकर. सेनापती चालले, पुरोहित चालले. लोणचीवाली चालली तेव्हा तर चौक दणाणला. "ऐक रे जमादार," ती म्हणाली, "माझ्यापेक्षा माझी चप्पल जास्त बोलते, आहेस कुठे!"

"आता दिवाणजी," पहारेकरी म्हणाला.

दिवाणजींचा चेहरा तांबडा झाला. "तू तुझी जागा विसरलास."

"होय दिवाणजी, विसरलो होतो. माझी जागा दाराशी. कोठारात कोण जातं ते बघायचं, एवढीच माझी चाकरी. मी एकाच दाराशी बसलो."

राजानं भुवया उंचावल्या. दिवाणजींना चालावं लागलं. ते चालले, आणि फरशीवर मांजर चालावं तसा काही आवाज झाला नाही.

"पावसात भिजली चप्पल," दिवाणजी म्हणाले. "विंचू दबला असेल आतला."

"कुठल्या पावसात?" गर्दीतून कुणीतरी विचारलं. "यंदा पडलाच कुठे?"

लोक हसले, आणि या वेळी दिवाणजी हसले नाहीत. "करकर ऐकून माझं डोकं उठतं. वैद्यांनी बंद करायला सांगितलं. यात चोरी कसली?"

"मग तळ उसवून बघू या," पहारेकरी म्हणाला. "काहीच नसेल, तर मी आत्ता चालायला लागतो, लेकरांसकट."

राजानं मान हलवली. कारागिराला त्याची रापी दिली. त्यानं शिवण कापली आणि तळाचे दोन थर पानं उलगडावीत तसे वेगळे केले. आत विंचू नव्हता. कातड्याला चिकटून पांढरी कणी बसली होती.

"चुना!" दिवाणजी ओरडले.

लोणचीवाली पुढे आली, तिनं कणीला बोट लावलं आणि जिभेवर ठेवलं. तोंड वेडंवाकडं केलं. "चुना असता तर जीभ भाजली असती, महाराज. खडेमीठ आहे. आणि चव अशी, की दिवाणजींनी चप्पल एकदा धुवायला हवी होती."

मागचं दार उघडलं गेलं. कचेरीच्या पोटमाळ्यावर मिठाची पोती निघाली, परमुलखात विकायला शिवून तयार ठेवलेली. दुपारच्या आत दिवाणजी वेशीबाहेर होते, आणि अनवाणी होते, कारण उसवलेली चप्पल पायात राहत नाही.

पण गोष्ट इथे संपली नाही. राजानं पहारेकऱ्याला बाजूला घेतलं आणि तो हळू आवाजात म्हणाला, "शाबास. पण आता फार गवगवा नको. चौकातल्यांनी पाहिलं ते पाहिलं; बाकीच्यांना दिवाणजी तीर्थयात्रेला गेले, असं सांगू. राज्याची अब्रू आहे. आणि त्या कारागिराला मागच्या बाजूनं घरी जाऊ दे."

पहारेकरी कोठडीकडे गेला. शिपायांनी चौकातून कारागिराला परत तिथेच आणलं होतं. दार आता सताड उघडं होतं, पण तो आतच मांडी घालून बसला होता.

"जा की घरी. सुटलास."

"मी नाही जायचा, जमादार. चोर म्हणून मला ढोल वाजवून आणलंत. निर्दोष म्हणून मागच्या दारानं काढताय? उद्या माझ्या दुकानाच्या पायरीवर कोण पाय ठेवील? माझी पोरं पाण्याला गेली, तर पाणवठ्यावर कोण काय म्हणेल?"

पहारेकरी राजाकडे परत गेला. "महाराज, कारागीर बाहेर येत नाही आणि त्याचं बरोबर आहे. मला पुन्हा वेशीचा धाक घातलात तरी चालेल, पण दवंडी हवी."

राजा चिडला, येरझारा घालू लागला. त्याच्याही चपला करकरत होत्या, आणि आपण किती येरझारा घालतोय हे सगळा वाडा ऐकतोय, हे त्याच्या लक्षात आलं. शेवटी तो थांबला. "पिटा दवंडी," तो म्हणाला.

दवंडीवाल्याचा घसा मात्र नेमका त्याच दिवशी बसला. चोर सापडला हे ओरडायला बसत नाही, चोर तो नव्हता हे ओरडायला बसतो, असा काही घशांचा गुण असतो. तेव्हा पहारेकऱ्यानं ढोलकं स्वतःच गळ्यात अडकवलं.

"ऐका हो ऐका! मीठ चोरलं ते दिवाणजींनी! कारागीर चोर नव्हता! मी त्याला चौकशीआधीच धरला! मी चुकलो हो!"

एकेका गल्लीत दोनदा. कारागीर त्याच्या शेजारून, सगळ्यांना तोंड दाखवत चालत होता. बायका दारात आल्या, म्हातारे ओट्यांवरून उठले. फिरत फिरत दोघं लोणचीवालीच्या घरासमोर आले. तोवर पहारेकऱ्याचा आवाज चिरकला होता. तिथे त्यानं एक वाक्य जास्तीचं जोडलं, ते बरण्यांविषयी होतं, आणि ते त्यानं जरा पुटपुटतच म्हटलं.

लोणचीवालीनं कानामागे हात धरला.

"मोठ्यानं म्हण रे," ती म्हणाली. "बरण्या फुटल्या तेव्हा पार पलीकडच्या आळीत ऐकू गेलं होतं."

पहारेकऱ्यानं छाती भरून श्वास घेतला आणि पुन्हा म्हटलं.

तात्पर्य इतकंच: संशय घ्यायचाच तर आधी नियम करणाऱ्याच्या पावलांचा आवाज ऐकावा, आणि तो चुकीच्या माणसावर गेला असेल, तर ज्या आवाजात बोट दाखवलं, त्याच आवाजात चूक कबूल करावी.