अधांतरी माडी

एक गाव होतं. तिथलं तळं पेंगलं की गावही पेंगायचं. त्या तळ्यावर सारजाबाईची माडी झुकलेली होती. बाईने ती कर्ज काढून बांधली होती आणि वाटसरूंना ती भाड्याने द्यायची. निम्मं भाडं सावकाराच्या व्याजातच जाई.

एका दुपारी कर ठरवायला कमाविसदार रंभाजीराव आले. माडीवरच्या झोपाळ्यावर बसले, वारा लागला आणि त्यांचे डोळे जड झाले.

"सगळ्या भाड्यावर कर भरायचा," ते म्हणाले.

"सरकार, व्याज तेवढं वजा करा."

"तुझं कर्ज माझ्या वहीत नाही. माझ्या वहीत जे नाही, ते जगात नाही."

सारजाबाईने झोपाळ्याला हळूच झोका दिला. "मग सांभाळून उतरा, सरकार. ही माडी त्याच कर्जाची आहे. कर्जच जगात नसेल तर माडी कुठली? मघापासून तुम्ही अधांतरी झुलताय."

रावांनी अर्धवट झोपेत कठड्याखाली पाहिलं. खाली तळ्याच्या पाण्यात संथपणे ढग सरकत होते. त्यांनी झोपाळ्याच्या कड्या घट्ट धरल्या.

"बाई, माझी वही दे," ते पुटपुटले. "आधी व्याज वजा करतो, मग पाय टेकवतो."