अर्जदार वटवाघूळ आणि त्याची आई

विषय: काळोखात आवाजाच्या प्रतिध्वनीवरून वाट ओळखण्याच्या शोधाचे पेटंट मिळणेबाबत.

फार पूर्वी रानात पेटंट कचेरी नुकतीच उघडली होती, अर्थातच एका अंधाऱ्या गुहेत. तिथे एका तरुण वटवाघळाने वरील अर्ज केला आणि शोध आपल्या एकट्याचा असल्याचे लिहून दिले.

कचेरीचे अधिकारी घुबडसाहेब यांनी साक्षीला त्याच्या आईला बोलावले. "आजी, ही विद्या याच्याआधी कोणाला येत होती?"

वटवाघळाने आईकडे चोरून पाहिले. तान्हेपणी तिच्या पोटाला बिलगून तो हीच विद्या शिकला होता.

"कोणालाच नाही, साहेब," म्हातारी म्हणाली. "आमचं पोर आहेच हुशार!"

मग ती आंधळी म्हातारी चक् चक् आवाज करत, एकाही खडकाला न धडकता, बाहेर उडून गेली. कचेरीत खसखस पिकली.

"अर्ज मागे घेतोस का रे?" साहेबांनी हळूच विचारले.

वटवाघळाने पंखांत तोंड लपवले. अर्ज अजून प्रलंबित आहे.