काठावरची सभा

फार पूर्वी, तळ्यांचीही गावं असत तेव्हाची गोष्ट. एका तळ्याचं पुढं काय करायचं हे सगळ्यांनी मिळून ठरवावं, म्हणून काठावरच्या जांभळीखाली सभा भरली. बगळेराव सवयीप्रमाणे मधोमध उभे राहिले.

"पाण्यातली कमळं आणि शेवाळ काढून टाकू," ते म्हणाले. "तळं कसं काचेसारखं दिसेल! अगदी तळापर्यंत."

खंड्या पक्ष्याला ते लगेच पटलं. म्हैसमावशीला डुंबायला मोकळी जागा हवीच होती. तिनंही मान हलवली.

"पण मासोळ्या कुठायत?" कासवानं विचारलं. "त्यांची पिल्लं त्या शेवाळातच लपतात."

"अहो कासवदादा, निरोप सगळ्यांना दिला होता," बगळेराव चिडले. "त्यांनाच गावाचं काही पडलेलं नाही. आल्या नाहीत म्हणजे त्यांची हरकत नाही, असं धरू."

कासवानं मान थोडी पुढं काढली. मग म्हणालं, "असं करू, सभा पाण्यात घेऊ. खाली, तळाशी."

"तळाशी?" बगळेराव ओरडलेच. "तिथं आमचा जीव नाही का गुदमरणार?"

बोलता बोलता बगळेरावांची नजर पाण्याकडे गेली. खंड्या उगाच पंख साफ करू लागला.

म्हैसमावशी मात्र उठली. हळूहळू गळ्याएवढ्या पाण्यात शिरली, कमळांच्या अलीकडेच थांबली आणि तिनं खाली वाकून हाक मारली, "पोरींनो, मी आलेय. आता सांगा."