तिसरा पुकारा

राजा अरिंदम राज्य करीत असताना, त्याच्या राज्याच्या एका टोकाला मंदारपूर नावाचे नगर होते. तेथे बोधिसत्त्वांनी एका धान्यव्यापाऱ्याच्या घरी जन्म घेतला होता. लोक त्यांना सुप्रिय श्रेष्ठी म्हणत. राजधानी लांब होती. विहीर कुठे खणायची, बाजार कुठल्या वारी भरवायचा, तंटा कसा मिटवायचा, हे मंदारपुरात नगरसभाच ठरवी आणि राजा त्यात सहसा हात घालत नसे.

या सभेची एक रीत होती. ठराव पुढे आला की घोषक तो तीनदा पुकारी. ज्याला हरकत असेल त्याने उभे राहून बोलावे; एक हरकत आली तरी ठराव पडे. तिन्ही पुकारे होऊनही कोणी बोलले नाही, तर गप्प बसणे हीच संमती समजली जाई आणि ठराव पक्का होई. मात्र हरकत घेण्याचा हक्क ज्याच्या घराला किंवा शेताला त्या ठरावाची झळ लागणार, त्यालाच असे. इतरांनी फक्त प्रश्न विचारायचे. ही अट कोणा दुष्टाने घातली नव्हती. आजोबांच्या काळात श्रीमंत लोक गरिबांच्या नावाने हरकती घेत आणि मग मागच्या दाराने पैसे घेऊन त्या सोडून देत. त्याला कंटाळून जाणत्यांनी ठरवले होते की आपले दुखणे आपणच सांगावे.

रीत चांगली होती, पण माणसे आळसावली होती. सभेचा नगारा वाजला की कोणाला गाय दोहायची असे, कोणाला पाहुण्यांकडे जायचे असे. आपण जाऊन काय मोठे दिवे लावणार, असे म्हणून लोक घरी बसत. कुंभारवाड्यातल्या लोकांना तर नगारा ऐकूच येत नसे म्हटले तरी चालेल. त्यांचे कधी अडतच नव्हते. वाट खचली, मातीची खाण कोणी अडवली, की ते सुप्रिय श्रेष्ठींच्या ओसरीवर येऊन बसत. श्रेष्ठी नगरमुख्यांच्या घरी जात, चार शब्द बोलत, आणि काम होई. "श्रेष्ठी आहेत ना, बघतील," हे त्या वाड्यात लहान मुलांच्याही तोंडी बसले होते. आणि खरे सांगायचे तर बोधिसत्त्वांना ते गोड लागत असे. बुद्ध व्हायला त्यांना अजून पुष्कळ जन्म बाकी होते.

एका वर्षी भात कापणीला आले आणि परतीचा पाऊस थांबेना. नगराच्या वर मोठा तलाव होता. त्यातले जादा पाणी वाहून जाण्याचा सांडवा वाहून आलेल्या झाडांनी आणि गाळाने तुंबला. बांधावरचा राखणदार धावत खाली आला आणि नगरमुख्य भद्रजित यांना म्हणाला, "अंधार पडायच्या आत बांध एका बाजूनं फोडा. नाहीतर तो मधोमध फुटेल आणि पाणी थेट बाजारपेठेत येईल. मग कोणीच वाचत नाही." बांधाच्या डाव्या अंगाला कुंभारवाडा होता. उजव्या अंगाला सुप्रिय श्रेष्ठींचे पिवळेधमक भाताचे शेत होते.

भद्रजितांनी नगारा वाजवला. तसल्या पावसात येणार कोण? नेहमीची पाच-सहा वृद्ध मंडळी तेवढी आली. त्यांनी विचार केला तो असा: भात म्हणजे साऱ्या नगराचे वर्षाचे अन्न. कुंभारांच्या झोपड्या काय, चार दिवसांत पुन्हा उभ्या राहतील. माणसांना उंचावर जायला सांगू. तेव्हा पाणी डावीकडे सोडावे. ऐकायला हे शहाणपणाचे वाटत होते. मात्र बोलणाऱ्यांपैकी एकानेही कित्येक वर्षांत कुंभारवाड्यात पाऊल टाकले नव्हते.

बोधिसत्त्व आपली पत्नी सुनंदा हिच्यासह शेतावरून चिंब भिजून सभागृहात पोचले, तेव्हा पहिला पुकारा होऊन गेला होता. ठराव काय आहे ते त्यांना दारातच कळले.

"थांबा," ते म्हणाले. "पाणी माझ्या शेतात सोडा. भात गेले तर गेले."

भद्रजितांनी मान हलवली. "श्रेष्ठी, पहिला पुकारा झाला आहे. हा ठराव पडल्याशिवाय दुसरा मांडता येत नाही."

"मग माझी हरकत आहे असे समजा."

"पाणी तुमच्या घरात शिरणार आहे का?"

"नाही."

"मग प्रश्न विचारा, हरकत घेऊ नका. आज मी तुमच्यासारख्या चांगल्या माणसासाठी रीत वाकवली, तर उद्या ती वाईट माणसासाठीही वाकवावी लागेल."

भद्रजितांचे म्हणणे खरे आहे, हे बोधिसत्त्वांना पटले. त्यांनी सुनंदेकडे पाहिले. ती काही न विचारता पदर खोचून पावसात निघाली.

दुसरा पुकारा झाला. रीतीप्रमाणे प्रश्नांची उत्तरे मिळेपर्यंत तिसरा पुकारा करता येत नसे. बोधिसत्त्वांनी विचारले, "कुंभारवाड्यात अंथरुणाला खिळलेली माणसे किती आहेत?" सभासदांनी एकमेकांकडे पाहिले. "त्यांना बाहेर काढायची वाट कोणती?" एक म्हणाला ओढ्यावरून, दुसरा म्हणाला ओढ्यावरून आता कसली वाट, तेथे कमरेइतके पाणी असेल. "मग त्यांना काढणार कोण आणि कुठून?"

"ठाऊक नाही," भद्रजित म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता. "पुढचा प्रश्न."

तेवढ्यात राखणदाराचा निरोप आला की बांधाच्या पायथ्यातून पाणी पाझरू लागले आहे. आपण एकेका प्रश्नाने वेळ काढतो आहोत, आणि या वेळातच बांध मधोमध फुटला तर बाजारपेठेतली सगळी लेकरे आपल्या माथी, हे बोधिसत्त्वांना कळत होते. तरी त्यांनी पुढचा प्रश्न विचारला.

इकडे कुंभारवाड्यात लोक कच्ची मडकी माळ्यावर चढवीत होते. सुनंदेला पाहून वाड्यातला वडीलधारा धनिय म्हणाला, "माई, एवढ्या पावसात?"

"सभेला चला सगळे. पाणी तुमच्या अंगावर सोडायचा ठराव आलाय."

"पण श्रेष्ठी आहेत ना तिथं? मग झालं तर. ते बघतील."

"त्यांना बोलता येत नाही."

"श्रेष्ठींना? बोलता येत नाही?" धनिय हसला, आणि त्याच्यामागे चारदोन जण हसले. "अहो, अख्ख्या सभेला पुरून उरतील ते!"

सुनंदेने जन्मात कधी आवाज चढवला नव्हता. तो आता चढला. "हसताय काय! हक्क त्यांना नाही, तुम्हाला आहे. तिसरा पुकारा झाला की तुम्ही इथं बसून हो म्हणालात असं धरतील. आत्ता या वाड्यात जेवढे गप्प बसलेत ना, ते सगळे हो म्हणतायत!"

हसू विरले. मग मात्र माणसे निघाली. बायका निघाल्या, मडकी तशीच टाकून निघाल्या. ओढ्यात एकमेकांचे हात धरून ते पलीकडे आले आणि चिखलाने भरलेल्या पायांनी सभागृहात शिरले.

त्यांना पाहून बोधिसत्त्वांचा जीव भांड्यात पडला. भद्रजितांनी विचारले, "प्रश्न संपले?" ते म्हणाले, "संपले."

"ज्यांच्या दारात पाणी जायचे ते लोक आलेले दिसतात," भद्रजित म्हणाले. "कोणाची हरकत आहे?"

कोणीच बोलले नाही.

कुंभारवाड्यातल्या झाडून साऱ्या माणसांनी बोधिसत्त्वांकडे पाहिले. इतकी वर्षे पाहत आले तसेच पाहिले. आता श्रेष्ठी उठतील, घसा खाकरतील आणि काम होईल. धनियने तर मान डोलावून त्यांना धीरही दिला. बोधिसत्त्वांनी डोळ्यांनी खुणावले, तर लोकांना वाटले, श्रेष्ठी विचार करताहेत, त्यांना करू द्यावा.

बाहेरून राखणदाराची हाक आली, "लवकर करा! बांध हलतोय!"

तेव्हा बोधिसत्त्वांना आपली चूक दिसली. इतकी वर्षे त्यांनी या लोकांसाठी वाट दुरुस्त करून घेतली, खाण मोकळी करून घेतली, आणि त्याच हाताने त्यांची जीभ काढून आपल्या तोंडात ठेवली. आपण येथे बसून आहोत तोवर हे लोक आपल्याकडेच पाहत राहणार. ते उठले. कोणाकडेही न पाहता सभागृहाच्या बाहेर गेले आणि दाराकडे पाठ करून पावसात उभे राहिले.

आत गलबला झाला. "श्रेष्ठी गेले? कुठं गेले?" भद्रजितांनी घोषकाला खूण केली. घोषक हळव्या मनाचा होता. त्याने तिसरा पुकारा इतक्या सावकाश सुरू केला की जणू प्रत्येक शब्द त्याला नव्याने शोधावा लागत होता. "बांधाच्या... डाव्या अंगाने..."

चंपा नावाची एक विधवा मागच्या भिंतीशी उभी होती. बाजारात मडकी विकताना तिचा आवाज या टोकापासून त्या टोकापर्यंत जाई. सभेत मात्र तिच्या घशातून नुसती हवा आली. "माझी..." ती म्हणाली.

घोषक लगेच थांबला. "काय म्हणालीस, बाई?"

"माझी हरकत आहे!" आता बाजारातला आवाज निघाला. "माझं घर आहे तिथं. सासू बाजेवर पडून असते, तिला कूस बदलायला माझे दोन हात लागतात. तिला घेऊन मी ओढ्यातून येऊ कशी? घर चार दिवसांत बांधाल म्हणे. सासू बांधून द्याल का दुसरी?"

मग धनिय उठला. त्याची सून बाळंतीण होती. मग आणखी एक उठला, मग आणखी एक, आणि इतकी वर्षे न बोललेले सगळे एकाच वेळी बोलू लागले. भद्रजितांना हात वर करून त्यांना थांबवावे लागले. "पुरे, पुरे! एकीची हरकत पुरेशी होती. ठराव पडला." हे म्हणताना त्यांना सुटल्यासारखे वाटत होते.

बोधिसत्त्वांना आत बोलावण्यात आले. नवा ठराव मांडला गेला की पाणी उजव्या अंगाने सोडावे. "श्रेष्ठी," भद्रजित म्हणाले, "शेत तुमचे आहे. आता हरकतीचा हक्क तुम्हाला आहे."

पहिला पुकारा झाला. बोधिसत्त्वांना आजच पाहिलेल्या लोंब्या आठवल्या. त्या वर्षी त्यांची कोठारे रिकामी होती आणि घरची, गड्यांची, सगळ्यांची मदार त्या एका पिकावर होती. मघाशी शेत देऊ केले तेव्हा त्यांना एवढे जड गेले नव्हते. तेव्हा ते धावत आले होते. आता बसून, शांतपणे, तीनदा ऐकून ते द्यायचे होते.

दुसरा पुकारा झाला. एक वृद्ध सभासद पुटपुटला, "श्रेष्ठी, विचार करा. अजून बोलता येईल." कुंभारवाड्यातली माणसे श्वास रोखून त्यांच्या ओठांकडे पाहत होती. श्रेष्ठींनी बोलावे म्हणून जन्मभर वाट पाहिलेली ती माणसे, आज त्यांनी बोलू नये म्हणून मनात नवस करीत होती.

तिसरा पुकारा झाला. बोधिसत्त्व गप्प राहिले.

मग सगळेच कुदळी घेऊन धावले. सभासद धावले, कुंभार धावले, स्वतः भद्रजित धोतर खोचून धावले. बांध उजवीकडे फोडला तेव्हा उजेड अजून थोडा शिल्लक होता. पाणी भाताच्या शेतात घुसले आणि पाहता पाहता ते उभे पीक आडवे झाले. सुनंदा तोंडाला पदर लावून रडली. बोधिसत्त्वांचेही डोळे भरून आले. बोधिसत्त्वांना वाईट वाटत नाही असे ज्यांना वाटते, त्यांनी कधी शेत केलेले नसावे.

ते वर्ष मंदारपूरने अर्धपोटी काढले, पण मेले कोणी नाही. पुढच्या सभेचा नगारा वाजला तेव्हा कुंभारवाडा सर्वांच्या आधी येऊन बसला. त्या सभेत बोधिसत्त्वांनी तलावाकाठी नवे कोठार बांधायचा ठराव मांडला. पहिला पुकारा पुरा होण्याआधीच चंपा उभी राहिली. "हरकत! तिथली माती आम्हाला लागते." ठराव पडला. बोधिसत्त्व घरी आले ते हसतच. सुनंदेने विचारले, "काय झालं एवढं?" ते म्हणाले, "माझा ठराव पाडला त्यांनी!" इतके आनंदात तिने त्यांना पीक घरात आले तेव्हाही पाहिले नव्हते.

ही कथा भगवान बुद्धांनी जेतवन विहारात श्रावस्तीच्या काही गृहस्थांना सांगितली. "भगवान, नगरसभेत आमची बाजू तुम्ही मांडा, तुमचे सगळे ऐकतात," अशी विनंती घेऊन ते आले होते. कथा संपवून भगवान म्हणाले, "त्या वेळचा सावकाश बोलणारा घोषक म्हणजे आताचा आनंद. रीत न वाकवणारे भद्रजित म्हणजे विनय, म्हणजे संघाचे नियम, जपणारा उपाली. चंपा म्हणजे विशाखा, सुनंदा म्हणजे राहुलमाता, आणि सुप्रिय श्रेष्ठी म्हणजे मीच. माझे शेत गेले म्हणून लोक त्या जन्माला दानाचा जन्म म्हणतात. पण शेतापेक्षा सभागृहाच्या बाहेर पडणे मला जड गेले होते. सगळ्यांना आपण हवे असतो, हे सुख सोडणे हे नैष्क्रम्य, म्हणजे खरा त्याग आहे, आणि त्या जन्मी माझ्या हातून नैष्क्रम्य पारमिता, त्या त्यागाची परिपूर्णता, घडली."

गृहस्थांनी हात जोडले. मग त्यांच्यातला एक चाचरत म्हणाला, "पण भगवान, मग आमच्या वतीने बोलणार कोण?"

भगवान काही बोलले नाहीत. थोडा वेळ वाट पाहून गृहस्थ उठले आणि सभागृहाच्या वाटेला लागले.